गाडी फाटकाशीच लावा : कोकणात येणाऱ्या पाहुण्यांना खुलं पत्र

प्रिय पाहुण्यांनो,

दापोली तालुक्यातल्या किनाऱ्यावरच्या एका गावात मी राहतो. वडिलांनी उभं केलेलं नारळी-पोफळीचं आगर, आगराच्या मागे घर, घराला लागून बांधलेल्या चार खोल्या. त्या खोल्यांत पुण्या-मुंबईची, साताऱ्या-कोल्हापूरची माणसं येऊन राहतात आणि त्यावर माझं घर चालतं. त्यामुळे हे पत्र कुणा अभ्यासकाचं आहे असं समजू नका. तुमच्या पैशावर चूल पेटणाऱ्या माणसाचं हे पत्र आहे. वाडीतल्या दोघातिघांनी मला बजावलंही, 'असलं काही लिहीत बसू नको, उगाच बुकिंग जाईल.' जाणारं जाईल. दर वर्षी तेच तेच तोंडी सांगून घसा बसतो, म्हणून या वेळी लिहूनच काढतोय.

दिवाळी उलटली की तुमचा हंगाम सुरू होतो. नेमका त्याच सुमाराला आमच्या पुळणीवर आणखी एक हंगाम सुरू होतो. पुळण म्हणजे तुम्ही ज्याला बीच म्हणता तो वाळूचा पट्टा. मला पुळण हा शब्द आवडतो, कारण त्यात वाळू पायाखाली सरकल्यासारखी वाटते. तर नोव्हेंबर ते मार्च या दिवसांत या पुळणीवर रात्री समुद्री कासवं अंडी घालायला येतात. ऑलिव्ह रिडले जातीची. पाठ साधारण दोन फुटांची, वजन चाळीसेक किलो. मादी पाण्यातून बाहेर येते, भरतीची रेघ ओलांडून कोरड्या वाळूत जागा निवडते, मागच्या वल्ह्यांनी, म्हणजे पसरट पायांनी, दीडेक फूट खोल मडक्याच्या आकाराचा खड्डा खणते, त्यात शंभराच्या आसपास अंडी घालते, वाळू लोटते, स्वतःच्या अंगाने थापटते आणि निघून जाते. तास-दीड तासाचा सगळा कार्यक्रम. पुन्हा ती त्या अंड्यांकडे बघायला येत नाही. पुढचे पंचेचाळीस ते साठ दिवस वाळूच आई.

इथे एक गोष्ट ऐकून ठेवा. पिल्लू नर होणार की मादी, हेही वाळूची ऊबच ठरवते. ऊब वाढली की माद्या वाढतात. म्हणून रात्री वाळूत लाकडं रचून शेकोटी पेटवायची आणि भोवती गिटार घेऊन बसायचं, हे चित्र फोटोत कितीही गोड दिसलं तरी खाली काय आहे ते आपल्याला वरून कळत नाही. शेकोटी हवी असेल तर माझ्या अंगणात पेटवू. लाकडं माझी, बटाटे तुमचे.

आता माझ्या हातून घडलेली गोष्ट सांगतो, म्हणजे मी तुम्हालाच उपदेश करतोय असं वाटणार नाही. खोल्या नवीन होत्या तेव्हा एका पाहुण्याने सुचवलं, 'काका, समुद्राकडे एक मोठा लाइट लावा, रात्री लाटा काय मस्त दिसतील.' मी लावला. चांगला दणदणीत हॅलोजन. लोक खूश, मीही खूश. मार्चमध्ये एका पहाटे पुळणीकडे जायला निघालो तर कुंपणाशी वाळूवर बारीक बारीक नक्षी. सुईने कुणी दोन समांतर ओळी टिपत गेलं असावं तशी. त्या ओळी समुद्राकडून येत नव्हत्या आणि समुद्राकडे जातही नव्हत्या. भरतीच्या रेघेच्या वरच्या एका जागेवरून निघून त्या सरळ माझ्या दिव्याखाली आल्या होत्या. केतकीच्या मुळांत अडकलेली पिल्लं मी मोजली. अकरा. मुंग्या लागल्या होत्या. दोन जिवंत होती, ती टोपलीत घालून पाण्यापर्यंत नेली.

नंतर वनखात्याच्या कासवमित्राने मला समजावलं. पिल्लं बहुतेक वेळा रात्री किंवा पहाटे बाहेर पडतात. अंधाऱ्या किनाऱ्यावर सगळ्यात उजळ काय असतं? पाण्यावर पडलेला आकाशाचा उजेड. त्या उजेडाकडे जायचं एवढंच पिल्लाला ठाऊक असतं. लाखो वर्षं ते खरं होतं. मग मी हॅलोजन लावला. पिल्लू माझ्या पडवीलाच समुद्र समजलं.

तो दिवा मी काढला. आता आगरात पिवळट, खाली तोंड केलेले छोटे दिवे आहेत आणि रात्री नऊनंतर समुद्राकडचे सगळे बंद. पाहुणे तक्रार करतात. करू द्या. अंधारात लाटांचा आवाज जास्त चांगला ऐकू येतो, तुम्ही दहा मिनिटं थांबून तर बघा. आणि पौर्णिमेच्या आसपास आलात तर दिव्याची गरजच पडत नाही.

हे सगळं आता आम्हाला कळतं याचं श्रेय जवळच्या एका गावाला आणि एका संस्थेला द्यायला हवं. मंडणगड तालुक्यातलं वेळास. नाना फडणवीसांचं मूळ गाव म्हणून पूर्वी लोक ते ओळखत, आता कासवांचं गाव म्हणून ओळखतात. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने 2002 च्या सुमाराला तिथे कामाला सुरुवात केली. तोपर्यंत किनाऱ्यावरच्या बहुतेक गावांत घरटं सापडलं की अंडी काढून खायची किंवा विकायची, ही सर्रास चाल होती. आमच्याही गावात होती, खोटं कशाला बोलू. माझ्या आजोबांना काठी खुपसून घरटं शोधता यायचं. वाळू जिथे भुसभुशीत लागते आणि काठी गपकन आत जाते, तिथे अंडी. गंमत अशी की अंडी चोरायला वापरलेली तीच विद्या पुढे गावकऱ्यांनी अंडी वाचवायला वापरली. घरटं शोधायचं, अंडी अलगद काढून जाळीच्या कुंपणात तेवढ्याच खोल खड्ड्यात पुरायची, तारखेची पाटी लावायची, दिवस भरत आले की वरून टोपली घालून सकाळ-संध्याकाळ बघत राहायचं. 2006 पासून वेळासला कासव महोत्सव भरू लागला आणि लोक पिल्लं पाण्यात जाताना बघायला येऊ लागले. घराघरांत पाहुण्यांच्या जेवणाची सोय झाली. अंडी विकून जे मिळत होतं त्याहून जास्त मोदक आणि सोलकढी विकून मिळू लागलं. पुढे आंजर्ले आणि इतर गावांनीही तोच मार्ग धरला. कोकणात निसर्ग वाचवायचा म्हणजे गावकऱ्याच्या ताटात काहीतरी पडलं पाहिजे, हे वेळासने दाखवून दिलं. आणि ते ताट तुम्ही भरता, म्हणून तर पत्र तुम्हाला.

आता गाडीचं. पत्राचं नावच त्यावरून ठेवलंय, कारण माझं सगळ्यात मोठं भांडण तिच्याशी आहे.

जीपसारखी मोठी गाडी घेतली की ती पुळणीवर पळवलीच पाहिजे असा एक समज हल्ली झालेला दिसतो. ओहोटीला वाळू घट्ट असते, गाडी मस्त धावते, मागे पाण्याचा फवारा उडतो, मित्र मोबाइलवर चित्रण करतो. मग एखादी गाडी रुतते, भरती येते आणि वाडीतला ट्रॅक्टर बोलवावा लागतो. ट्रॅक्टरवाल्याचं भाडं त्या दिवशी चांगलं वाढतं, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पोलीस गुन्हे नोंदवतात तेही वाचतोच आपण. पण गाडी रुतली नाही तेव्हाचं नुकसान कुणी बघत नाही. टायरखाली वाळू दाबली जाते. त्या दाबलेल्या वाळूखाली घरटं असेल तर दीड फुटावरून पिल्लांना वर येता येत नाही. ती सगळी मिळून एकमेकांना ढकलत वाळू सारत वर येतात, हा त्यांचा दोन-तीन दिवसांचा खटाटोप असतो. वर आलीच, तर चाकोरीत पडतात. तुमच्या टायरने पाडलेली सहा इंचांची चर तुम्हाला चर वाटते. दीड इंचाच्या पिल्लाला ती दरी. त्या दरीतून ते समुद्राला समांतर चालत राहतं, तासन्‌तास, सूर्य वर येईपर्यंत. मग कावळे असतातच.

आणि कासवच कशाला. वाळूत पांढरे खेकडे बिळं करून राहतात, उन्हाळ्याच्या तोंडावर केंटिश चिखल्या नावाचा मुठीएवढा पक्षी उघड्या वाळूत शिंपल्यांच्या तुकड्यांत अंडी घालतो. ती अंडी शेजारी उभं राहूनसुद्धा दिसत नाहीत, तर ताशी साठच्या वेगाने काय दिसणार.

माझ्या फाटकापासून पुळण दोनशे पावलांवर आहे. आजीला चालवत नाही, असं कुणी म्हणालं तर मी खुर्ची घेऊन येतो, दोघं मिळून नेऊ. आजवर तीन आज्या नेल्या. गाडी मात्र फाटकाशीच राहील.

कुत्र्यांबद्दल लिहिलं की लोक चिडतात, तरी लिहितो. पुळणीवर पार्टी होते. कोंबडीची हाडं, बिर्याणीची उरलेली डबी, वेफर्सची पाकिटं तिथेच राहतात. कुणी प्रेमाने कुत्र्यांना बिस्किटं घालतं. त्यात वाईट हेतू नाही, मला कळतं. पण शनिवार-रविवारी पोट भरलेली कुत्री सोमवार ते शुक्रवार काय खातात? ती पुळण सोडत नाहीत, कळपाने राहतात आणि त्यांचं नाक कासवाच्या ताज्या घरट्यावर अचूक जातं. कासवमित्र पहाटे पोचायच्या आत घरटं उकरलेलं असलं की वाळूवर नुसती अंड्यांची टरफलं पडलेली दिसतात. पिंगपाँगच्या चेंडूंवर कुणी पाय दिल्यासारखी. कोल्हे पूर्वीही उकरायचे, पण कोल्ह्यांची संख्या आमच्या खरकट्यावर वाढलेली नव्हती. तेव्हा खरकटं परत आणा, माझ्या घरी म्हैस आहे, खतखड्डा आहे, काही वाया जात नाही. कुत्र्याला घालायचंच असेल तर गावात, माझ्या दारात घाला.

आता खोल्यांचं बोलतो. हा विषय तुम्हाला अगदी अनपेक्षित वाटेल.

फोन आला की पहिला प्रश्न असतो, 'रूम सी-फेसिंग आहे का?' नाही. माझ्या खोल्यांतून समुद्र दिसत नाही, कारण मध्ये केतकीची दाट जाळी आहे, तिच्यापुढे मर्यादवेल पसरलेली आहे, थोडी उंडीची झाडं आहेत. मर्यादवेलीला गुलाबी-जांभळी फुलं येतात आणि ती वाळूला धरून ठेवते. समुद्राची मर्यादा संपते तिथून ही सुरू होते म्हणून हे नाव, असं आमची आजी सांगायची. 3 जून 2020 ला निसर्ग चक्रीवादळ आलं तेव्हा माझी चाळीस नारळाची झाडं पडली. पोफळी तर मोजल्याच नाहीत, त्या काडेपेटीतल्या काड्यांसारख्या मोडल्या होत्या. कौलं उडाली. पण केतकीच्या मागची वाळू जागेवर राहिली आणि पाणी आगरात घुसलं नाही. थोड्या अंतरावर एकाने 'व्ह्यू'साठी केतकी साफ केली होती, तिथे उधाणाने वाळूचा टेकाडच नेला. मग तिथे दगडी बंधारा आला. बंधारा आला की कासविणीला वर चढायला वाळूच उरत नाही. ती दगडांशी येऊन परत फिरते. पहाटे मागावरून ते सगळं वाचता येतं, चढलेला माग, बंधाऱ्यापाशी गोंधळलेलं वळण आणि परतीचा माग.

बघा कशी साखळी आहे. तुम्ही दोन हजार रुपये जास्त द्यायला तयार असता म्हणून मालक केतकी तोडतो. कोकणातला माणूस फार मोठा व्यापारी नसतो, पाहुणा मागेल ते तो करतो. तुम्ही जर विचारलंत, 'तुमच्याकडे केतकी आहे का? रात्री दिवे बंद करता का?' तर दोन वर्षांत सगळ्या किनाऱ्यावर केतकी लागेल. मी पैजेवर सांगतो.

जेवणाबद्दल थोडं सांगायलाच हवं. तुम्ही इथे मासे खायलाच येता आणि यावं. पण जुलैत येऊन 'ताजी सुरमई आहे ना?' असं विचारू नका. 1 जून ते 31 जुलै यांत्रिक बोटींची मासेमारी बंद असते. तो माशांच्या विणीचा काळ. त्या दिवसांत ताटात सुरमई आली तर ती बर्फातली असणार किंवा कुणीतरी नियम मोडून आणलेली असणार. पावसाळ्यात सोड्यांची खिचडी खा, सुक्या बोंबलाची चटणी खा, जवळ्याची भाकरीबरोबर मजा घ्या. आमची माणसं पिढ्यान्‌पिढ्या तेच खात आली. नारळी पौर्णिमेला दर्याला नारळ देऊन होड्या बाहेर पडतात, मग पुढे आहेच सगळं. हा नारळ देताना प्लास्टिकच्या पिशवीतून देऊ नये, हे मात्र आम्हालाही आता एकमेकांना सांगावं लागतं.

दुसरं म्हणजे तळहाताएवढी पापलेटं. ताटात चार छोटी पापलेटं मांडली की छान दिसतात. पण ती पिल्लं आहेत, एकदाही अंडी न घातलेली. 2023 मध्ये आपल्या सरकारने पापलेटला राज्यमासा जाहीर केलं आणि 54 जातींच्या माशांसाठी किमान आकार ठरवून दिला, त्याहून लहान पकडायचे नाहीत असा नियम केला. पापलेटसाठी तो 135 मिलिमीटर आहे. नियम कागदावर असतो, बाजार गिऱ्हाईक चालवतं. हर्णै बंदरातल्या मासळीच्या लिलावाला संध्याकाळी जरूर जा, बघण्यासारखी जागा आहे, पण छोटं पापलेट स्वस्त मिळतंय म्हणून पाटी उचलू नका. त्याऐवजी बांगडा, मांदेली, तारली घ्या. चवीत काही कमी नाही आणि खिशालाही बरं.

कोळी माणूस कासवाचा शत्रू आहे असं तुम्हाला कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. जाळ्यात कासव आलं की आमच्या इथले जुने तांडेल, म्हणजे होडीचे म्होरके, हात जोडतात. देवळात शिरताना देवासमोर फरशीत कोरलेलं कासव आपण ओलांडत नाही, कडेने जातो, तेच ते. पण कासव सोडवायचं म्हणजे जाळं कापावं लागतं आणि जाळं हजारोंच्या घरातलं. 2018 च्या डिसेंबरपासून वनविभाग आणि मत्स्यविभागाची एक योजना आहे. संरक्षित प्राणी सोडवण्यासाठी जाळं कापलं आणि त्याचे फोटो किंवा चित्रण दाखवलं, तर 25,000 रुपयांपर्यंत भरपाई मिळते. कासवं, देवमुशी, डॉल्फिन असे कितीतरी जीव त्यामुळे पाण्यात परत गेले. ही योजना आमच्या कित्येक खलाशांना अजून नीट माहीत नाही. तुम्ही बोटीवाल्याशी गप्पा मारता, तेव्हा एवढं एक वाक्य त्यात घाला.

डॉल्फिन दाखवणाऱ्या बोटींबद्दल थोडक्यात. डॉल्फिनचा पाठलाग करायला सांगू नका. 'दिसला नाही तर पैसे देणार नाही' असं तर अजिबात म्हणू नका. या एका वाक्यापायी बोटवाला इंजिन पिळतो आणि पाच बोटी मिळून एका कळपाला घेरतात. त्यात पिल्लू घेतलेली आई असते. तिला श्वासासाठी वर यावंच लागतं आणि वर आली की चहूकडे बोटींचे पंखे. बोट दूर उभी करायला सांगा, इंजिन बंद करायला सांगा. बऱ्याचदा तेच कुतूहलाने जवळ येतात. आले नाहीत तरी बोटवाल्याच्या हातावर पूर्ण पैसे ठेवा, त्याच्या डिझेलचा त्यात काही दोष नाही.

सीगलना, म्हणजे आपल्या कुरवांना, शेव-गाठ्या घालणं हाही आता खेळ झालाय. घारापुरीच्या लाँचवर तर फरसाणाची पुडी घेऊनच लोक चढतात. मध्य आशियातून हजारो किलोमीटर उडत आलेला पक्षी परतीच्या उड्डाणासाठी मासे खाऊन चरबी साठवत असतो. त्याला तळलेली शेव खाऊ घालून आपण कसलं पुण्य जोडतो कोण जाणे. शंख-शिंपले पिशव्या भरभरून नेऊ नका, रिकाम्या शंखात घर करून राहणारे खेकडे आमच्याकडे पुष्कळ आहेत आणि घर मिळालं नाही तर ते बाटलीच्या बुचात शिरलेले मी पाहिलेत. मुलाला एक शंख न्यायचाय, नेऊ द्या. एक.

बाटल्यांवरून आठवलं. पुणेकरांना मी मुद्दाम एक गोष्ट सांगतो, कारण त्यांना वाटतं कचरा फक्त इथे टाकला तरच समुद्रात जातो. मुळा-मुठेत पडलेली पिशवी भीमेत जाते, भीमेतून कृष्णेत आणि कृष्णेतून बंगालच्या उपसागरात. म्हणजे लक्ष्मी रोडवरची पिशवी आंध्रच्या किनाऱ्यावर लागते, अरबी समुद्राकडे तोंडही करत नाही. मुंबईकरांचं सोपं आहे, मिठी नदी माहीमच्या खाडीत आणि खाडी समुद्रात. 'मग आमचा कोकणाशी काय संबंध?' असं एका पुणेकराने मला विचारलंही. संबंध आहे. 2023 च्या फेब्रुवारीत गुहागरला एका कासविणीच्या पाठीवर उपग्रहाचा टॅग बसवला होता, तिचं नाव बागेश्री. ती खाली कन्याकुमारीकडे गेली आणि श्रीलंकेला वळसा घालून बंगालच्या उपसागरात शिरली. उलटाही प्रवास झाला. ओडिशाच्या किनाऱ्यावर 2021 मध्ये वल्ह्याला बिल्ला अडकवलेली एक मादी 2025 च्या जानेवारीत गुहागरच्या पुळणीवर अंडी घालताना सापडली. तोवर दोन्ही किनाऱ्यांची कासवं वेगळी असंच बरेच जण धरून चालले होते. तेव्हा तुमच्या मुठेतली पिशवी आणि आमची कासवीण यांची भेट होऊ शकते. पाण्यात तरंगणारी पारदर्शक पिशवी जेलीफिशसारखी दिसते आणि जेलीफिश हे तिचं खाद्य.

म्हणून घरी बसूनही समुद्रासाठी काही करता येतं. गणपतीत निर्माल्य पिशवीसकट नदीत सोडू नका, मूर्ती शाडूची घ्या, भाजीला पिशवी घरून न्या. हे सगळं तुम्ही शंभरदा ऐकलंय, लांबवत नाही. एकच भर घालतो. इथे येताना पाण्याच्या बाटल्यांचा खोका आणू नका. माझ्या विहिरीचं पाणी गोड आहे, उकळून गाळून देतो. सुट्टीच्या एका आठवड्यात चार खोल्यांतून दीडशेच्या वर बाटल्या निघाल्या होत्या. त्या न्यायला इथे महापालिकेची घंटागाडी येत नाही. ग्रामपंचायतीकडे ना जागा, ना यंत्र, आणि खरं सांगायचं तर आमच्यातलेच काही जण रात्री खाडीच्या कडेला, कांदळवनात कचरा ओततात. कांदळवन तोडायला, तिथे भराव घालायला मुंबई उच्च न्यायालयाने 2005 पासून मनाई केलेली आहे. तिथेच तर कोळंबी आणि खेकड्यांची पिल्लं वाढतात. आम्ही आमच्याच पायावर धोंडा पाडून घेतो. त्याबद्दल गावसभेत माझी भांडणं चालू आहेत, त्याचं वेगळं पत्र होईल.

तुम्हाला किनारा साफ करायची हौस असेल तर स्वागतच आहे. मुंबईत वर्सोव्याचा किनारा 2015 पासून वकील अफरोज शाह आणि त्यांच्याबरोबरच्या माणसांनी दर आठवड्याला उपसला आणि 2018 च्या मार्चमध्ये तिथे कासवाची पिल्लं समुद्रात जाताना दिसली. सगळं शक्य आहे. फक्त इथे हंगामात साफसफाई करताना दाताळं किंवा फावडं घेऊन कोरड्या वाळूत उतरू नका, हाताने उचला. सुकलेलं समुद्रशेवाळ, लाटांनी आणलेली पानं-काटक्या हा कचरा नाही. त्यात किडे असतात आणि त्यावर पक्षी जगतात. तुटलेल्या जाळ्यांचे तुकडे मात्र दिसले तर सोडू नका. दोन हातांची नायलॉनची जाळीसुद्धा पाण्यात गेली की वर्षानुवर्षं काही ना काही पकडतच राहते. कासवाचं वल्हं कापून काढलेली जखम मी बघितली आहे. तिचं वर्णन करत नाही.

आणि कधी रात्री पुळणीवर कासवीण दिसलीच, तर? मोबाइलचा दिवा विझवा. जागच्या जागी बसा. तिच्या समोर जाऊ नका, मागे, लांब, गप्प. अंडी घालायला सुरुवात होण्याआधी तिला त्रास झाला तर ती तशीच परत जाते. अंगाला हात लावणं, मूल पाठीवर बसवून फोटो काढणं, हे सगळं वन्यजीव संरक्षण कायद्याखाली गुन्ह्यात मोडतं. कासव पहिल्या अनुसूचीत आहे, वाघाच्या रांगेत. ती गेली की जागा लक्षात ठेवा आणि मला उठवा, कितीही वाजले असू देत. जखमी कासव, वाहून आलेला डॉल्फिन असं काही दिसलं तर वनखात्याचा 1926 हा क्रमांक लावा. कासव उलटं-सुलटं करून पाण्यात ढकलू नका, दमलेलं कासव पाण्यात बुडून मरतं, हे कुणाला खरं वाटत नाही पण तसंच आहे.

पिल्लं सोडताना बघायची असतील तर फेब्रुवारीचा शेवट ते एप्रिल, सकाळी किंवा संध्याकाळी. दिसतीलच याची हमी मी देत नाही. वाळूखालच्या घड्याळावर माझं चालत नाही. मागच्या वर्षी नाशिकचं एक कुटुंब तीन दिवस राहिलं आणि टोपलीखाली काहीच हललं नाही. चौथ्या दिवशी ते निघाले, गाडी घाट चढत होती आणि इकडे सत्तेचाळीस पिल्लं बाहेर आली. मी त्यांना चित्रण पाठवलं. त्यांच्या मुलीने उलट विचारलं, सत्तेचाळीस मोजली कुणी? मीच मोजली होती, दोनदा.

यंदा डिसेंबरचे शेवटचे दोन आठवडे भरले आहेत. जानेवारीत मधल्या वारी दोन खोल्या रिकाम्या आहेत आणि तेव्हा यावं असं माझं मत, कारण गर्दी नसते आणि मतलई वारा पहाटे अंगावर शाल घ्यायला लावतो. येताना टॉर्च आणलात तर त्यावर लाल कागद चिकटवून आणा. मासे काय मिळतील ते आदल्या संध्याकाळी लिलाव झाल्यावर सांगेन. दिवे नऊला जातील.

तुमचा,
आगरातला घरमालक